चार ट्रॅकच्या जुन्या कॅसेटा संगणकावर उतरवताना

कॅसेटची ‘ए’ बाजू लावली की गाणं संथ आणि जाडसर आवाजात वाजतं. उलटवून ‘बी’ लावली की कुणीतरी शब्द उलटे करून गातंय असं वाटतं. असं काही ऐकू आलं तर कॅसेट गेली म्हणून टाकून देऊ नका. बहुतेक ती चार ट्रॅकच्या, म्हणजे एकाच फितीवर चार आवाज वेगवेगळे भरणाऱ्या यंत्रावर भरलेली आहे आणि आतलं सगळं शाबूत आहे. फक्त ती चुकीच्या यंत्रावर लागली आहे.

हे मला उशिरा कळलं. माझा मामा मस्कतला नोकरीला होता. १९८७ साली सुट्टीवर येताना त्याने टॅस्कॅमचं चार ट्रॅकचं यंत्र आणलं आणि पुढची काही वर्षं गणपतीत, मे महिन्यात चिपळूणच्या घरी तो सगळ्यांना गायला बसवायचा. तबला एका ट्रॅकवर, पेटी दुसऱ्यावर, आजीचा आवाज तिसऱ्यावर, टाळ आणि मागे म्हणणाऱ्या आम्ही पोरी चौथ्यावर. मामा गेल्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात अकरा कॅसेटा सापडल्या. २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये पाणी शिरलं तेव्हा तो डबा माळ्यावर होता म्हणून वाचला. त्यानंतर घाईने एका दुकानात सीडी करायला दिल्या, तर त्यांनी साध्या डेकवर लावून पाहिल्या आणि “टेपा खराब झाल्यात” म्हणून परत दिल्या. त्या खराब नव्हत्या. अकराच्या अकरा आज माझ्या संगणकावर आहेत, आजीचा ट्रॅक वेगळा, मामाची पेटी वेगळी. ज्यांच्या घरात असा एखादा डबा आहे त्यांनी हे काम स्वतः करावं, म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी कॅसेट ओळखा

कॅसेटमधली फीत जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद असते. साध्या स्टिरिओ कॅसेटमध्ये तिच्यावर चार पट्ट्या असतात, दोन ‘ए’ बाजूच्या आणि दोन ‘बी’ बाजूच्या, परस्परविरुद्ध दिशांनी. चार ट्रॅकचं यंत्र या चारही पट्ट्या एकाच दिशेने भरतं. म्हणून साध्या डेकवर ‘ए’ बाजूला पहिला आणि दुसरा ट्रॅक सरळ ऐकू येतो आणि ‘बी’ बाजूला तिसरा आणि चौथा उलटा.

आता वेग. साधी कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते. चार ट्रॅकची काही यंत्रं याच वेगाने चालतात, काही दुपटीने, म्हणजे ९.५ सेंटिमीटरने. दुप्पट वेगाने भरलेली कॅसेट साध्या डेकवर निम्म्या वेगाने वाजते आणि सूर बरोबर एक सप्तक खाली जातो. या वेगाला साठ मिनिटांची कॅसेट फक्त पंधरा मिनिटं पुरते, म्हणून एका कॅसेटवर दोन-तीनच गाणी सापडली तर दचकू नका.

तिसरी गोष्ट नॉइज रिडक्शन, म्हणजे फितीची फुसफुस कमी करायची सोय. टॅस्कॅम आणि यामाहाच्या यंत्रांत बहुधा डीबीएक्स असतं, फोस्टेक्समध्ये बहुधा डॉल्बी बी किंवा सी. भरताना आवाज दाबून भरायचा आणि वाजवताना तितकाच उलगडायचा, असा हा प्रकार आहे. भरताना डीबीएक्स चालू असेल आणि वाजवताना नसेल, तर आवाज कर्कश येतो आणि प्रत्येक ठोक्यामागे फुसफुस वरखाली होते, दम लागल्यासारखी. ही खोट नंतर संगणकावर नीट निघत नाही.

कॅसेटचं कव्हर, आतला कागद, पाठीमागे पेन्सिलने केलेल्या खुणा नीट वाचा. मामाने प्रत्येक कागदावर चार चौकोन आखून कुठल्या ट्रॅकवर काय आहे ते लिहिलं होतं आणि कोपऱ्यात ‘डीबी’ अशी दोन अक्षरं होती, म्हणजे डीबीएक्स. त्या दोन अक्षरांचा अर्थ लागायला मला पंधरा दिवस गेले. कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा, शाई दरवर्षी फिकट होत असते.

यंत्र

या कामाचा पाऊण भाग यंत्र मिळवण्यात जातो. ज्यावर भरलं तेच यंत्र घरात असेल तर त्याहून चांगलं काही नाही. नसेल तर वेग आणि नॉइज रिडक्शन जुळणारं यंत्र शोधा, मग कंपनी कुठलीही असो. जुने वाद्यवृंदवाले, भक्तिगीतांच्या कॅसेटा काढणारे छोटे स्टुडिओ, कीबोर्ड वाजवणारे काका यांच्याकडे अशी यंत्रं अजून पडून असतात. विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, आठवडाभर उसनं मिळालं तरी पुरतं.

वीस वर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नका. आधी मागची पट्टी वाचा: जपानमधून आणलेलं १०० व्होल्टचं असेल, अमेरिकेतून आणलेलं १२० व्होल्टचं, आणि आपल्या २३० वर ते जळेल. मग उघडून आतले रबरी पट्टे पाहा. इतक्या वर्षांत ते सैल पडतात, कधी चक्क डांबरासारखे वितळून पुलीला चिकटतात. आमच्या यंत्रातला मुख्य पट्टा मी बोटाने उचलायला गेले तर काळा चिकटा बोटाला आला आणि दोन दिवस निघाला नाही. नवा पट्टा लांबी-रुंदी मोजून घ्यावा लागतो. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारलं तर पट्टेही मिळतात आणि बसवून देणारा माणूसही. यंत्र उघडायची सवय नसेल तर हे काम त्याच्याकडेच द्या. नव्या पट्ट्यावर पहिली चाचणी कुठल्यातरी बिनमहत्त्वाच्या कॅसेटवर घ्या, घरातल्या एकुलत्या एक रेकॉर्डिंगवर कधीच नको.

साफसफाई

हेड, म्हणजे फितीला टेकणारा चकचकीत धातूचा भाग. त्याच्याशेजारी बारीक पोलादी कणा आणि रबरी रोलर असतो. या तिघांवर जुन्या फितींची तपकिरी भुकटी बसलेली असते. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि इअरबड घ्या, हेड आणि कणा हलक्या हाताने पुसा, बड पांढरा निघेपर्यंत. सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. रबरी रोलरला मी अल्कोहोल लावत नाही, रबर कोरडं पडून चिरतं. किंचित साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. हे प्रत्येक कॅसेटनंतर करायचं. कंटाळा येतो, पण दुसऱ्या कॅसेटला आवाज बसका येऊ लागला की कारण दहातल्या नऊ वेळा हेच असतं.

कॅसेटची तपासणी

कॅसेटच्या वरच्या कडेला दोन प्लॅस्टिकचे दात असतात. शाबूत असतील तर दोन्ही मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही.

खिडकीतून उजेडात फीत पाहा. गुंडाळीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकणात, गोव्यात, मुंबईत माळ्यावर ठेवलेल्या कॅसेटांना ती हमखास धरते. अशी कॅसेट वाजवू नका: फीत फाटू शकते, बुरशी यंत्रात जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती वेगळ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवून आधी कोरडी करा. हाताळताना तोंडाला मास्क लावा आणि काम गॅलरीत करा. कोरडी झालेली बुरशी फितीवरून काढणं हे नवख्याचं काम नाही, त्यासाठी जाणकार गाठा. माझ्या अकरापैकी दोन कॅसेटा अशा होत्या आणि त्या मी स्वतः साफ केल्या नाहीत.

फितीला मागून दाबणारा फेल्टचा इवलासा तुकडा जागेवर आहे का तेही पाहा. त्याचा डिंक सुकून तो गळून पडतो आणि मग आवाज येतो-जातो. कॅसेट पाच स्क्रूंची असेल तर उघडून दोन्ही चाकं जशीच्या तशी उचलून नव्या कोऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवता येतात. चिकटवून बंद केलेली असेल तर कडेने हळूच फोडावी लागते. टेबलावर पांढरा कागद अंथरा, पंखा बंद करा आणि उघडण्याआधी फोटो काढा, कारण फीत कुठल्या रोलरवरून कशी जाते हे आठवेल असं वाटतं आणि आठवत नाही.

शेवटी फीत एकदा सैल करून घ्यायची. अनेक वर्षं एकाच ताणात बसलेली गुंडाळी आधी शिसपेन्सिलीने दोन-चार वेढे फिरवून मोकळी करा, मग यंत्रात एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे न्या. फिरताना कुरकुर आली तर थांबा.

जोडणी

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात तार खुपसून हे काम होत नाही. यूएसबीवर चालणारा, चार लाइन इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, म्हणजे बाहेरचा आवाज संगणकात नेणारा डबा लागतो. बेहरिंजर यूएमसी ४०४ एचडी किंवा फोकसराइट स्कार्लेट ४आय४ यांत चार इनपुट आहेत. यंत्राच्या मागे प्रत्येक ट्रॅकसाठी वेगळं ‘टेप आउट’ असेल तर चार तारा घ्या, एका टोकाला आरसीए आणि दुसऱ्या टोकाला पाव इंची पिन. ट्रॅक १ इनपुट १ मध्ये, याच क्रमाने. इंटरफेसवर इनपुट ‘लाइन’ ला ठेवा, माइक किंवा गिटारला नाही.

चारही ट्रॅक एकाच वेळी घेण्याचा मी आग्रह धरते त्याला कारण आहे. कॅसेट दोनदा वाजवली तर दोन्ही वेळा तंतोतंत सारख्या वेगाने चालत नाही. वेगात हजारात एकाचा फरक पडला तरी चार मिनिटांच्या गाण्यात जवळजवळ पाव सेकंद होतो, आणि पाव सेकंद मागे पडलेला तबला कुणालाही खटकेल.

यंत्राला फक्त डावं-उजवं असे दोनच आउट असतील, किंवा इंटरफेस दोन इनपुटांचा असेल, तरीही मार्ग आहे. तबल्यासारखा ठसठशीत ठोके असलेला एक ट्रॅक खूण म्हणून धरा आणि तो प्रत्येक वेळी घ्या. पहिल्या फेरीत तबला डावीकडे आणि पेटी उजवीकडे, दुसऱ्या फेरीत तबला आणि आवाज, तिसऱ्या फेरीत तबला आणि टाळ. बाकीचे फेडर (प्रत्येक ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या खुंट्या) खाली, ट्रेबल-बासची बटणं मध्यावर. संगणकावर तिन्ही फेऱ्यांतले तबले एकावर एक जुळवले की बाकीचे ट्रॅक आपोआप जवळ येतात. पुढे सरकलेलं दिसलं तर गाण्यातल्या शांत जागी कापून थोडं सरकवायचं. वेळ लागतो, पण होतं.

तारा जोडल्यावर हेडफोनमध्ये घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. माझ्याकडे तेवढ्यानेच थांबला. मोबाईल, इन्व्हर्टर आणि पंख्याचा रेग्युलेटर यांपासूनही दूर बसा.

उतरवणं

सॉफ्टवेअर म्हणून मी रीपर वापरते, ते साठ दिवस वापरून पाहता येतं. ऑडॅसिटी फुकट आहे आणि दोन इनपुटांना उत्तम, पण विंडोजवर चार ट्रॅक एकदम घेताना तिथे अडचणी येतात. मॅक असेल तर गॅरेजबँड चालेल, पण ते ४४.१ किलोहर्ट्झलाच भरतं.

फाईल डब्ल्यूएव्ही, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. अभिलेखागारं ९६ ठेवतात, जागा असेल तर तुम्हीही ठेवा. ४८ ला चार ट्रॅकची पंधरा मिनिटं साधारण ५२० एमबी होतात, ९६ ला त्याच्या दुप्पट. एमपी३ मध्ये थेट उतरवू नका, ती नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायला नंतर करता येते.

यंत्रावर डीबीएक्स किंवा डॉल्बी भरताना होतं तसंच ठेवा. वेग कमी-जास्त करायचं ‘पिच’ बटण मध्यावरच्या खाचेत बसवा, इतक्या वर्षांत कुणीतरी ते हलवलेलं असतंच. गाण्यातला सर्वांत मोठा भाग वाजवून लेव्हल अशी धरा की शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याच्या वर गेलेला आवाज कापला जातो आणि परत येत नाही. २४ बिटमध्ये थोडी कमी लेव्हल चालते.

भरलेलं यंत्र आणि वाजवणारं यंत्र वेगळी असतील तर हेडच्या कोनाचा प्रश्न येतो. हेड फितीला काटकोनात नसेल तर वरचे स्वर हरवतात, टाळ कांबळ्याखाली वाजवल्यासारखे लागतात. हेडशेजारी स्प्रिंग असलेला एक बारीक स्क्रू असतो. त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा, कॅसेट चालू ठेवून स्क्रू अगदी किंचित फिरवा आणि टाळाचा आवाज सर्वांत खणखणीत कुठे येतो तिथे थांबा. भरलेलंच यंत्र असेल तर या स्क्रूला हात लावायचा नाही.

मग रेकॉर्ड सुरू करा आणि कॅसेट सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात वाजू द्या. मधल्या रिकाम्या जागी थांबवू नका. गाण्यांच्या मधे काय आहे हे कुणालाच आठवत नसतं. आमच्या चौथ्या कॅसेटवर दोन अभंगांच्या मधे कुकरच्या तीन शिट्ट्या आहेत, आजी तिथूनच ओरडते, “गॅस बंद कर गो,” आणि मामा हसत पेटीचा भाता सोडतो. तेवढ्या सतरा सेकंदांसाठी माझी आई ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावायला सांगते.

पूर्ण वेळ हेडफोन लावून ऐका. एखाद्या ट्रॅकवर फॅक्ससारखी अखंड किंचाळी आली तर घाबरू नका, पूर्वी कीबोर्ड किंवा ड्रम मशीनशी ताल जुळवायला चौथ्या ट्रॅकवर असा संकेत भरत. हेडफोनचा आवाज कमी करा आणि तो ट्रॅकही उतरवून ठेवा. एकाच ट्रॅकवर तीन वाद्यं एकत्र ऐकू आली तर भरणाऱ्याने जागा वाचवायला आधीचे ट्रॅक एकत्र करून एकावर आणलेले आहेत. ते तसेच राहणार.

चार ट्रॅकचं यंत्र कुठेच मिळालं नाही तर साध्या चांगल्या स्टिरिओ डेकवर दोन्ही बाजू उतरवा. ‘बी’ बाजू संगणकावर उलटी करा: डावीकडे चौथा ट्रॅक मिळेल, उजवीकडे तिसरा. दुप्पट वेगाची कॅसेट असेल तर वेग दुप्पट करा. डीबीएक्स उलगडणार नाही आणि दोन्ही बाजू जुळवत बसावं लागेल, पण कॅसेटवर कोण आहे आणि यंत्र शोधायची धडपड करायची की नाही, हे निश्चित कळतं.

सूर तपासणं

टेप किंचित वेगाने किंवा हळू चालली तर सूर सरकतो. परदेशातले लोक फितीवर आलेल्या विजेच्या घूंवरून वेग मोजतात. आपल्याकडे ते भरवशाचं नाही, कारण त्या काळी आपल्या ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झवर स्थिर राहत नसे. त्यापेक्षा पेटी बरी. मामाची पेटी अजून घरात आहे. आजी काळी चारमध्ये गायची. मी ती पट्टी दाबून धरली आणि रेकॉर्डिंगमधल्या षड्जाशी लावून पाहिली, तर रेकॉर्डिंग चढं निघालं, शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराच्या साधारण एक तृतीयांशाने. एका स्वरापासून शेजारच्या पट्टीपर्यंत वेगात साधारण सहा टक्क्यांचा फरक असतो, त्यावरून हिशेब करता येतो. मी वेग दोन टक्क्यांनी उतरवला आणि आजीचा आवाज आजीसारखा झाला. दुरुस्ती वेगाची करा, नुसत्या पिचची नाही, आणि चारही ट्रॅकना एकदम करा. आधी मूळ फाईलची प्रत काढून घ्या. मूळ फाईलवर खरखर काढणं, आवाज वाढवणं, काहीही करायचं नाही.

स्पूलवरच्या फिती

घरात कॅसेटऐवजी पाव इंची किंवा अर्ध्या इंचाच्या मोठ्या स्पूल असतील तर एक सावधगिरी. साधारण १९७० नंतरच्या काही फिती, विशेषतः अँपेक्स ४५६ सारख्या, दमट हवेतलं पाणी शोषून चिकट होतात. वाजवताना चिरचिर आवाज येतो, यंत्र अडखळतं आणि मूळ रेकॉर्डिंगचा थर हेडवर उतरतो. त्या ५०-५५ अंश सेल्सिअसला काही तास सावकाश तापवून तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करतात, पण ते नियंत्रित भट्टीत, जाणकाराच्या हातून. स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये नाही.

नावं आणि प्रती

फाईलचं नाव त्याच दिवशी द्या. माझी पद्धत: कॅसेट क्रमांक, गाणं, ट्रॅक, वाद्य. ‘०४_अभंग२_ट्रॅक३_आजी’. सोबत कागदाचे फोटो आणि एक साधी मजकुराची फाईल, तिच्यात यंत्र, वेग, डीबीएक्स, उतरवल्याची तारीख. प्रती तीन: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक दुसऱ्या गावी. माझी तिसरी प्रत नाशिकला बहिणीकडे आहे.

मूळ कॅसेटा टाकू नका. पूर्ण गुंडाळून, उभ्या, कोरड्या कपाटात, स्पीकरपासून लांब ठेवा. डब्यातली सिलिका जेलची पुडी पावसाळ्याआधी बदला. बुरशी आलेल्या त्या दोन कॅसेटा साफ होऊन आल्या तेव्हा दुसरीवर नुसता तबला आणि पेटी निघाली, तिसरा ट्रॅक कोरा. मामाने आजीसाठी जागा सोडून ठेवलेली होती. माझी भाची सध्या ती लावून त्याच पट्टीत गायला शिकते आहे.